टाकी क्रमांक तीनचे झाकण

४ मार्च

स्वस्ति श्री सकलजनुकविद्याविशारद, परीक्षानलिकाचक्रचूडामणी, उणे-ऐंशी-अंश-शीतकपाटाधीश्वरी, हरितशैवालसूचीमंडळाच्या सरकार्यवाह, तसेच इयत्ता चौथीत माझ्या भूगोलाच्या वहीची मधली पाने काढून होड्या करणाऱ्या चि. चिंगी हीस, संग्रहालयाच्या तळमजल्यावरील ओलसर खोलीचा आजन्म अधिपती, सूक्ष्मदर्शकैकशरण, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेला ज्येष्ठ बंधू याचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कार्यालयाचे परिपत्रक पावले. त्यात मजसारख्या वर्गीकरणकारांस पहिल्या ओळीत 'माननीय' म्हटले आहे आणि दुसऱ्या ओळीत आमच्या आयुष्याला मुदत घालून दिली आहे. ज्या हरितशैवालाच्या जातीचे जनुकीय प्रमाण तीस एप्रिलपर्यंत हाती येणार नाही, तिचे नाव नव्या सूचीतून गळेल, असा त्याचा मथितार्थ मी काढला. केवळ आकार पाहून जात ठरवणे हे तुम्हा मंडळींच्या लेखी आता चेहरा पाहून भविष्य सांगण्याच्या पंगतीला जाऊन बसले आहे, याची नम्र नोंद घेतली.

सूचीत तीनशे अकराव्या क्रमांकावर बाबांच्या नावाची जात आहे, हे तुला सांगावयास नको; तरी लिहितो, कारण लिहिले की कागदास वजन येते. बावीस वर्षांपूर्वी बाबांनी जलशुद्धीकरण केंद्रातील निवळण टाकी क्रमांक तीनच्या भिंतीवरून नखाने खरवडलेला हिरवा लगदा मजपुढे धरला. मी तो काचेखाली ठेवला. चार पेशी एका ओळीत, कडेच्या दोघींना लांब काटे. असे काटे त्या कुळात घरोघरी असतात. परंतु मधल्या दोघींच्या पाठीवर एकेक आखूड, मागे वळलेले शिंग होते. ते तोवर कोणी पाहिले नव्हते. चौतीस वर्षे टाक्यांची राखण करणाऱ्या माणसाचे नाव मी त्या शिंगांना दिले. टाकी पुढे बुजवली. तिच्यावर आता वाहने उभी राहतात. वर्णनाचे छापील पान बाबांच्या पलंगासमोर चौकटीत आहे, आणि ते आल्यागेल्यास दाखवले जाते. मीटर वाचायला येणारा गृहस्थ हल्ली दारातूनच पाहिले पाहिले म्हणून निघून जातो, असे आत्या सांगत होती.

सोबत त्या जातीच्या जिवंत संवर्धनाची परीक्षानळी पाठवीत आहे. दर तीन आठवड्यांनी ताज्या द्रावणात हलवून मी हिचे लालनपालन केले आहे. तुझ्या यंत्राने तिच्याशी सौजन्याने वागावे.

आपल्या लोभाचेही संवर्धन असेच चालू ठेवावे आणि मधूनमधून ताजे द्रावण घालीत जावे, ही विज्ञापना.

तुझा
दादा

२१ मार्च

ती. दादास,

चिंगीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र प्रयोगशाळेत मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या इथली नवी मुलगी आता मला शीतकपाटाधीश्वरी म्हणते आणि कपाटाची किल्ली मागते. होड्यांचं मात्र तू खोटं लिहिलंस. होड्या तू केल्यास, मी फक्त बुडवल्या.

आता कामाचं, आणि ते लिहायला मी चार दिवस लावले आहेत. तुझ्या नळीतला नमुना आम्ही तीनदा वाचला. जात ओळखण्यासाठी डीएनएचा जो ठरावीक तुकडा आम्ही बघतो, तो त्या कुळातल्या सगळ्यात सामान्य जातीशी अक्षरन् अक्षर जुळतो. बादली चार दिवस उन्हात उघडी राहिली की जी आपोआप येते, तीच. मला वाटलं यंत्र चुकलं असेल, म्हणून जुन्या पद्धतीने काचेखाली बसले. चार-चार पेशींच्या सव्वादोनशे वसाहती मोजल्या. कडेला काटे आहेत. मधल्या पेशींवर शिंग एकाही वसाहतीत नाही.

हे मला समजत नाही. तुझी जुनी आकृती माझ्यासमोर आहे आणि तू न पाहिलेलं काढणारा माणूस नाहीस. शेवाळ खाणाऱ्या पाणपिसवा जवळ आल्या की ही शेवाळं काटे वाढवतात, तसं टाकीत काही झालं असेल का? की नळीत दुसरंच काही शिरून मूळचं मारून टाकलं? तू फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला मूळ नमुना आम्ही उघडून पाहिला. बावीस वर्षांत काढून काढून संपत आलेल्या त्या गाळात काचेखाली एकही अख्खी वसाहत मिळाली नाही, आणि वाचण्यासारखंही काही निघत नाही, फॉर्मॅलिनने डीएनएचे पार तुकडे केले आहेत.

एक मार्ग दिसतो. जात सापडली त्याच वर्षी तू बाबांना टाकीच्या पाण्याची एक बरणी भरून दिली होतीस. ती तुझ्या नळीपासून वेगळी वाढली आहे. तिच्यात शिंगं निघाली, तर तुझी नळी बिघडली एवढाच अर्थ, आणि नाव वाचलं. तिच्यातलं थोडं पाणी पाठव. बाबांना मी यातलं काही बोललेली नाही.

आत्याला सांग, गुडघ्याचा पट्टा पाठवला आहे. रागावू नकोस, आणि माया पातळ करू नकोस.

तुझी
चिंगी

२ एप्रिल

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज उपाधी नाहीत. त्या शाईसकट संपल्या आहेत.

तुझे पत्र वाचून मी प्रथम यंत्रांच्या अधःपाताविषयी दोन पाने लिहिली आणि ती फाडली. मग पाणपिसवांचा प्रयोग केला. नळीतील शैवाल एका पात्रात ओतून त्यात तीस पाणपिसवा सोडल्या, या हेतूने की शत्रूच्या दर्शनाने शिंगे उगारली जावीत. सहा दिवसांनी पाहिले. पिसवा तृप्त, पाणी नितळ, शिंगे अनुपस्थित. नंतर मी माझा चष्मा पुसला, भिंग पुसले, दिव्याची काच पुसली, आणि पुन्हा पाहिले. पुसण्यासारखे अजून काय उरले ते कळेना, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

चिंगी, बरणीचा मार्ग बंद आहे, आणि तो मीच बंद केला आहे. अकरा वर्षांपूर्वी संग्रहालयाला रंग देण्यासाठी आम्हांला तीन आठवड्यांची सुट्टी दिली होती. रंगाऱ्यांनी प्रकाशकपाटाची तार काढून तेथे आपला रेडिओ लावला. मी परतलो तेव्हा नळ्यांतले द्रावण कागदासारखे पांढरे झाले होते. मी कोणास बोललो नाही. त्या रविवारी बाबांकडे गेलो, आणि ते स्नानास गेले असता त्यांच्या बरणीतून दोन थेंब उचलून आणले. तुला पाठवलेली नळी ही त्या दोन थेंबांची वंशज आहे. म्हणजे तू दोन साक्षीदार तपासू पाहतेस, आणि ते एकाच माणसाचे दोन सदरे आहेत.

तेव्हा शिंगे तपासली होतीस काय, असे तू विचारशील. तपासली होती. नव्हती. परंतु प्रयोगशाळेच्या सुखासीन उजेडात वाढलेली शैवाले आपले अलंकार उतरवून ठेवतात, हे शास्त्र मला ठाऊक होते, आणि ते त्या दिवशी फार सोयीचे वाटले. शिवाय ती बाबांची बरणी होती. बाबांच्या बरणीकडे ओळखपत्र कोण मागतो? अकरा वर्षे मी विद्यार्थ्यांना शिंगे दाखवीत आलो ती आकृतीत, आणि मग नळीतील सुखासीनतेवर व्याख्यान देत आलो.

तरीही तुझ्या आज्ञेनुसार बरणीतील पाणी आणले आहे, सोबत आहे. आणताना एक विचित्र गोष्ट घडली. बाबा बरणीला हात लावू देईनात. पाणी विश्रांती घेत आहे, गुरुवारी ये, असे म्हणाले. मी पाण्याच्या विश्रांतीविषयी विचारले, तर टाक्यांवर चौतीस वर्षे कोणी काढली, असा उलट प्रश्न आला. अखेर त्यांनी स्वतः चमच्याने काढून दिले आणि मी दिसेनासा होईपर्यंत दारात उभे राहिले. वयोमान असावे.

मी त्यांच्या बरणीतून चोरी केली हे त्यांना कळू देऊ नकोस. नावाविषयी काय करावे, हे मला उमगत नाही. जी जात मी पाहिली होती ती होती, एवढेच मी शपथेवर सांगू शकतो. आणि दाखव म्हटल्यास माझ्यापाशी एक चित्र आहे.

जो काही लोभ शिल्लक असेल तो झाकून ठेवावा.

दादा

९ एप्रिल

॥ श्री ॥

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझी प्रकृती बरी असेल. माझी बरी आहे. तुझ्या आत्याला पट्टा पोहोचला. तो तिला घट्ट होतो, पण सांगत नाही.

पत्र लिहिण्याचे कारण थोरला. गेल्या आठवड्यात बरणीतले पाणी घेऊन गेला. चेहरा बरा नव्हता. तुझ्या कचेरीकडून तपासणी आहे असे ओझरते बोलला. तेव्हा तुला सांगणे भाग आहे, नाहीतर तुमचा हिशेब माझ्यामुळे चुकेल.

त्या बरणीतले शेवाळ मूळचे नाही. थोरल्याने दिली त्याच्या दुसऱ्या वर्षी तुझ्या आत्याने घाण पाणी समजून बरणी साबणाने धुतली. मी टाकी तीनवरूनच पुन्हा भरून आणली, तेव्हा काही बिघडले नाही. चौथ्या वर्षी घर बदलताना बरणी फुटली. तोवर टाकी बुजवली होती. मी दुसरी बरणी घेतली आणि वाचनालयाच्या बागेतल्या दगडी कुंडातून पाणी आणले. ते काही वर्षे टिकले. सहा वर्षांपूर्वी ते पांढरे पडले, तेव्हा दवाखान्यातल्या माशांच्या पेटीतून घेतले. डॉक्टरीणबाईंनी कशाला म्हणून विचारले. मी म्हणालो, घरी लागते.

दर वेळी रंग जुळवून घेतला. पाण्याचा रंग मला समजतो. पण रंग म्हणजे जात नव्हे, हे थोरल्यानेच मला शिकवले होते, त्यामुळे फसवले हे मला कळत होते. त्याला बोललो नाही. तो दर महिन्याला येतो, आधी बरणीपुढे दोन मिनिटे उभा राहतो, मग चप्पल काढतो. त्याला कोणत्या तोंडाने सांगू. तूही सांगू नकोस.

माझे नाव यादीतून जायचे असेल तर जाऊ दे. मी नावासाठी टाकीवर नव्हतो. पण ती टाकी होती, तीन नंबरची, आणि तिच्यात जे उगवत होते ते दुसरीकडे नव्हते, एवढे कोठेतरी लिहिलेले राहावे असे वाटते. मागच्या महिन्यात त्या रस्त्याने गेलो तर जागा सापडेना. कोणत्या गाडीखाली ते कळेना.

बरणी दुसरी, पाणी चौथे. झाकण तेवढे मूळचे आहे. टाकीच्या नमुन्याच्या बरणीचे ते, वर लाल रंगात ३ लिहिले आहे. तो आकडा मी घातलेला. रंग जाईल म्हणून ते झाकण कधी धुतले नाही, आत्यालाही धुऊ दिले नाही. नव्या बरणीला ते बसते म्हणून तीच बरणी घेतली होती.

जपून राहा. उत्तर मला पाठव, थोरल्याला नको.

बाबांचे आशीर्वाद

१३ एप्रिल

ती. बाबांस,

चिंगीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. उरलेलं सगळं नंतर. आत्ता एवढंच करा: ते झाकण माझ्याकडे पाठवा. धुऊ नका, पुसू नका, आतला रबरी वायसर काढू नका, आतून बोटही लावू नका. कोऱ्या कागदात गुंडाळून खोक्यात घाला. आत्याला त्या खोलीत जाऊ देऊ नका.

आशीर्वाद आहेतच, ते खोक्यातच घाला.

चिंगी

२५ एप्रिल

ती. बाबा आणि ती. दादा,

दोघांना मिळून चिंगीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम आत्याच्या नावाने पाठवलं आहे. दादा रविवारी येईल तेव्हा तुम्ही दोघं समोरासमोर बसा आणि आत्याने हे मोठ्याने वाचावं. आत्या, साबणाचा उल्लेख येईल तिथे थांबू नकोस, पुढे जा.

मला तुम्हा दोघांनी एकेक गोष्ट सांगितली आहे आणि दुसऱ्याला सांगू नकोस म्हणून बजावलं आहे. पंधरा दिवस मी ते पाळलं. पण सूचीत ही जात ठेवायची तर नमुना कुठून आला, मध्ये कुणाकुणाच्या हातातून गेला, हे खरं लिहावं लागतं आणि खाली सह्या लागतात. एकाचं मन राखायला दुसऱ्याशी खोटं बोलले तर सूचीतही तेच खोटं छापलं जाईल. ते माझ्याकडून होणार नाही. तेव्हा ऐका. बाबा, दादाची नळी अकरा वर्षांपूर्वी मेली आणि तुम्ही आंघोळीला गेला असताना त्याने तुमच्या बरणीतले दोन थेंब नेले. दादा, बाबांची बरणी त्याआधीच दोनदा रिकामी झाली होती आणि तिच्यात तेव्हा वाचनालयाच्या कुंडातलं पाणी होतं. तू शास्त्र सांगत होतास ते कुंडाचं. यात सगळ्यात जास्त कोण चुकलं ते मला ठरवता आलेलं नाही, आणि मला त्यात रसही नाही.

आता झाकण. रबरी वायसर बावीस वर्षांत आतल्या बाजूला चिकटून बसला होता. तो सोडवल्यावर त्याच्याखाली नखाएवढ्या जाडीची काळपट हिरवी खपली निघाली. बरणी हलली की पाणी वर उडायचं, तिथे जाऊन वाळायचं. प्रत्येक पाण्याचं थोडंथोडं. खपलीचा अर्धा भाग मी काचेखाली घेतला. पेशी केव्हाच मेल्या आहेत, पण त्यांच्या भिंती चिवट असतात, त्या राहतात. दादा, एकोणीस वसाहती सापडल्या. मधल्या दोन पेशींवर एकेक शिंग, आखूड, मागे वळलेलं. तुझ्या आकृतीसारखंच. आम्ही चौघांनी वेगवेगळं मोजून पाहिलं.

दुसरा अर्धा भाग यंत्राला दिला. त्यातून चार वेगवेगळे तुकडे वाचता आले. एक त्या सामान्य जातीचा, दोन ओळखीच्या दुसऱ्या जातींचे. चौथा आमच्याकडच्या कशाशीच जुळत नाही.

इथे मी आनंदाने उडी मारायला हवी होती, आणि नवी मुलगी उडी मारायला उठलीही होती. पण चौथा तुकडा त्या शिंगवाल्यांचाच आहे, असं मला म्हणता येत नाही. सगळं एकमेकांत वाळलं आहे. शिंगं टाकीतली असतील आणि तो तुकडा कुंडातल्या किंवा माशांच्या पेटीतल्या, बरणीत केव्हाच मरून गेलेल्या कशाचा तरी असेल; चमच्याने दिलेल्या पाण्यात तो नाही. शिंगवाल्या भिंती आता रिकाम्या आहेत, त्यांना विचारायची सोय नाही. आकार एका हातात आहे, अक्षरं दुसऱ्या हातात, आणि दोन्ही हात एकाच माणसाचे आहेत का ते मला कळत नाही. रोज सकाळी वाटतं हो, दुपारी वाटतं नाही.

म्हणून मंडळात असं ठरलं आहे: तीनशे अकरा क्रमांक राहील. नाव राहील. नावापुढे प्रश्नचिन्ह येईल. खाली टीप येईल: मूळ ठिकाण निवळण टाकी क्रमांक तीन, आता अस्तित्वात नाही, पुरावा, बरणीचे झाकण. बाबा, तुम्ही म्हणाला होता ते लिहिलं गेलं आहे. पाणी केव्हा कुठून भरलं, थेंब केव्हा नेले, एवढा मजकूर सोबतच्या कागदावर आहे. वाचा, चूक असेल तर दुरुस्त करा, दोघेही सही करा. तीसच्या आत माझ्या हातात पडायला हवा.

तिघांनीही माझ्यावर रागावून झालं की कळवा.

तुमची
चिंगी

६ मे

स्वस्ति श्री प्रश्नचिन्हप्रतिष्ठापनाचार्या, पितृबंधुगुप्तगोष्टीविस्फोटिनी, झाकणगर्भस्थरहस्यभेदिनी चि. चिंगी हीस, कुंडजलाचा अकरा वर्षे अभिषेक करून घेतलेल्या ज्येष्ठ बंधूचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कागद वेळेत पोहोचल्याचा निरोप मिळाला. रविवारचा वृत्तांत कळवण्याचे राहिले होते.

आत्याने वाचन केले. साबणाशी ती थांबलीच, आणि आपण ती बरणी धुतली नसून केवळ विसळली होती, असे निवेदन नोंदवूनच पुढे सरकली. बाबांनी मजकडे पाहिले नाही, मी त्यांच्याकडे पाहिले नाही. आम्ही दोघेही बरणीकडे पाहत होतो. वाचन संपले. मग बाबांनी विचारले की थेंब किती. मी दोन म्हणालो. ते म्हणाले की त्या रविवारी बरणी जागची हललेली त्यांना दिसली होती आणि त्यांनी शेजारच्या मांजराला महिनाभर घरात येऊ दिले नव्हते. मी त्या मांजराची क्षमा मागितली. ते आता हयात नाही.

नंतर ते म्हणाले की दोन थेंब हवे होते तर मागायचे. मी म्हणालो की पाणी मेले होते तर सांगायचे. यावर बाबांना हसू फुटले. मला वाटते मलाही. नक्की सांगता येत नाही, कारण चष्मा त्या वेळी हातात होता.

सही करताना त्यांनी नावाखाली 'निवृत्त राखणदार, टाकी क्र. ३' असे लिहिले, रकान्यात तशी जागा नसताना. सूचीत छापून यायला वर्ष लागेल असे मी त्यांना सांगितले. तेवढी वाट पाहण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी भिंतीवरची चौकट उतरवायला लावली, काच काढली आणि पेन्सिलने आपल्या नावापुढे स्वतःच प्रश्नचिन्ह घातले. त्याचे टिंब मोठे झाले म्हणून खोडून पुन्हा काढले. चौकट पुन्हा लागली आहे. काल मीटरवाला आला तेव्हा त्याला घरात बोलावून प्रश्नचिन्ह दाखवण्यात आले, आणि ते कशाचे, हे समजावण्यात अर्धा तास गेला. गृहस्थ अधिकच गोंधळून गेला. मीही पूर्ण समजलो आहे असे नव्हे. ती शिंगे कोणाची, या प्रश्नासह मला आता निवृत्त व्हावे लागेल, आणि विचित्र असे की अकरा वर्षांत झोप इतकी बरी लागली नव्हती.

लोभ आहे. त्यापुढे चिन्ह कोणते घालावे ते तूच ठरव.

दादा

ता. क. — एक अडचण उद्भवली आहे. झाकण पुराव्याचे म्हणून आमच्या संग्रहालयात जमा झाले, त्यावर क्रमांक पडला, आणि ते माझ्याच कपाटात आहे. बाबा रोज ते परत मागतात. नियमानुसार ते घरगुती वापरासाठी देता येत नाही. अर्ज संस्थेनेच करावा लागतो, आणि नाकारण्याचा अधिकार माझा आहे. तूर्त बरणीवर आत्याची बशी ठेवली आहे. त्यामुळे सहा बश्यांचा संच पाचाचा झाला, आणि पाहुणे आले की तिला ती बशी हवी असते, पाहुणे गेले की बाबांना. मी बाजारातून तीन झाकणे आणून पाहिली. पहिले बसत नाही, दुसरे बसते पण निघत नाही, आणि तिसरे दीड आटा फिरल्यावर अडकते.